चोवीस बोटांचे फूल

प्रवाळ या शब्दाने मला लहानपणापासून फसवले आहे. काव्यातल्या नायिकांचे ओठ प्रवाळासारखे, आजीच्या गळ्यातल्या मण्यांत दोन पोवळी होती तीही प्रवाळ, मंगळाची पीडा टळावी म्हणून शेजारच्या काकांनी अंगठीत बसवून घेतलेला तांबडा खडा प्रवाळ, आणि वैद्यबुवांच्या पुडीतले चिमूटभर चूर्ण, तेही प्रवाळभस्मच! इथवर ठीक होते. पण एकदा ओहोटीच्या वेळी आमच्या मालवणच्या खडकांत हिंडताना एका करड्या, खरखरीत धोंड्याने माझा पाय कापला आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांनी जखम पाहून सांगितले, “अरे, ते प्रवाळ!” तेव्हा मात्र माझा या शब्दावरचा विश्वास उडाला. ओठ, औषध आणि धोंडा यांना एकच नाव देणारी भाषा फार श्रीमंत तरी असली पाहिजे किंवा फार आळशी तरी.

पुढे कळले की दोष थोडासा भाषेचा आणि बराचसा समुद्राचा आहे. अंगठीतले तांबडे पोवळे पूर्वापार भूमध्य समुद्रातून येत आले. तो प्राणी वेगळ्या कुळातला. त्याच्या इवल्याशा तोंडाभोवती आठ बोटे असतात. माझा पाय कापणारा धोंडा म्हणजे खडकाळ प्रवाळ, समुद्रात चुनखडीच्या भिंती बांधणारा. त्याची बोटे बहुधा सहाच्या पटीत. बोटे मोजून कुळ ओळखण्याची ही रीत मला एखाद्या जुन्या भटजींना शोभेल अशी वाटली, आणि माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच असल्यामुळे शास्त्रातले एवढे तरी मला बोटांवर मोजता येते याचा आनंदही झाला.

मुळात हा प्राणी आहे, हेच माणसाला फार उशिरा पटले. अठराव्या शतकाच्या प्रारंभी मार्सेयच्या पेसोनेल नावाच्या डॉक्टराने पोवळ्याच्या जिवंत फांद्या समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिल्या. लोक ज्यांना फुले म्हणत ती हात लावताच मिटत होती. त्याने पॅरिसच्या विद्वत्सभेला लिहिले की ही फुले नव्हेत, हे प्राणी आहेत. १७२७ साली रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाने ते म्हणणे सभेपुढे मांडले खरे, पण लिहिणाऱ्याचे नाव सांगितले नाही. बिचाऱ्याचे हसे होऊ नये म्हणून! खरे बोलणाऱ्यावर दया करून त्याचे नाव झाकण्याची ही पद्धत मला फार मानवी वाटते. आमच्या शाळेतही ती चालते.

असो. मी सांगणार होतो ते माझ्या धाकट्या भावाच्या प्रवाळाविषयी.

हा भाऊ गेली अठरा वर्षे अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. संगणकाच्या कचेरीत नोकरी, दोन मुली, आणि हिवाळ्यात दाराशी गुडघाभर बर्फ. घराखाली तळघर आहे. आमच्याकडे ज्या जागी भाताची कणगी आणि जुनी जाळी ठेवली असती, त्या जागी त्याने समुद्र ठेवला आहे. साडेतीनशे लिटरांचा. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा जिना उतरताच मला प्रथम दिसला तो निळा उजेड, आणि त्या उजेडात, पांढऱ्या वाळूवर, वाऱ्याने डोलावा तसा डोलणारा एक हिरवट फुलांचा गुच्छ. वारा अर्थातच नव्हता, पाणी ढकलणारे पंप होते. आणि फुलेही नव्हती. एकेक देठ बोटभर लांब, त्याच्या टोकाला तोंड, आणि तोंडाभोवती बारीक बोटांचे कडे. मी मास्तर असल्यामुळे मोजली. चोवीस.

याचे शास्त्रीय नाव गोनिओपोरा. परदेशातले दुकानदार त्याला फुलांची कुंडी म्हणतात. भावाकडची जात स्टोक्सी नावाची. १८५१ साली दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिचे हे नाव ठेवले. बहुतेक खडकाळ प्रवाळ दिवसा अंग चोरून बसतात आणि रात्री बोटे बाहेर काढतात. हा गडी मात्र भर उजेडात फुललेला असतो, आणि शेकडो जीव एकाच चुनखडीच्या गोळ्यावर दाटीवाटीने राहत असले तरी एकाला धक्का लागला की शेजारचे सगळे अंग आखडून घेतात. भावाच्या धाकट्या मुलीने काचेवर टिचकी मारून मला हे दाखवले आणि बापाची बोलणी खाल्ली. दोन मिनिटांत बागेचा दगड झाला. पुन्हा बाग व्हायला बराच वेळ लागला.

“याला खायला काय घालतोस?” मी विचारले.

“आधी उजेड,” तो म्हणाला.

मला ती थट्टा वाटली, पण ती नव्हती. या जीवांच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर आपले अन्न शिजवते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. घरमालक त्याला राहायला जागा आणि आपल्या उच्छ्वासातला वायू देतो. असा हा जुना सामायिक संसार आहे. पाणी नेहमीपेक्षा दोन अंशांनी तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडते आणि पारदर्शक मांसाखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. १९९८ साली जगभर असे झाले, आपले लक्षद्वीपही त्यातून सुटले नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरचे असे चौथे अरिष्ट जाहीर केले. भावाच्या टाकीत पाण्याचे तपमान साडेपंचवीस अंशांवर बांधलेले आहे. बाहेर बर्फ पडो की ऊन, आत कायम आमच्याकडल्या पौषातली सकाळ.

प्रवाळ पाळणे म्हणजे प्रवाळ पाळणे नव्हेच, हे मला तिथल्या पहिल्या आठवड्यात कळले. पाळायचे असते ते पाणी. नळाचे पाणी आधी गाळण्यांतून काढून अगदी निर्गुण करायचे. त्यात दर लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने मीठ. सगळ्या टाकीला मिळून बारा किलोंच्या वर! आमच्या घरी एवढ्या मिठात चार वर्षांची लोणची झाली असती. हे मीठही साधे नव्हे. त्यात लिटरमागे चारशेवीस मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हवे, मॅग्नेशियम त्याच्या तिप्पट. प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम उचलून आपली भिंत बांधतो, म्हणून जितके उचलले तितके रोज भरायचे. पाणी वाफ होऊन उडते पण मीठ मागे राहते, म्हणून तूट भरायची ती गोड्या पाण्याने. तांब्याचा अंश चुकूनही जाता कामा नये. माशांच्या औषधात तांबे असते, ते प्रवाळाला विष आहे. नवी टाकी भरली तरी आठवडे न् आठवडे तिच्यात कुणाला सोडायचे नाही, कारण घाण पचवणारे जंतू आधी दगडांवर वस्तीला यावे लागतात. हे सगळे मी कंटाळून लिहीत नाही. पण वाचकाला अंदाज यावा, की तो रोज रात्री जेवण झाल्यावर तळघरात जाऊन चिमुकल्या कुपीत पाणी घेई, थेंब मोजत औषध टाकी, निळा रंग तांबूस होईतो कुपी हलवी आणि भिंतीवरच्या वहीत आकडा लिही. वही मराठीत होती. अठरा वर्षांत त्याच्या तोंडची मराठी बरीच झिजली आहे. पण आकडे मात्र १, २, ३ असेच.

या छंदाला फार जुना इतिहास नाही. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग नावाच्या गृहस्थाने एका अमेरिकन मासिकात लिहिले, की आपण समुद्राचे पाणी, समुद्रातले जिवंत दगड आणि नुसते हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकीत प्रवाळ जगवतो. तोवर लोक दगड उकळून, घासूनपुसून टाकीत मांडत, आणि मग त्यांत काही जगत नाही म्हणून कपाळाला हात लावत. जकार्ताच्या त्या माणसाचे वैशिष्ट्य एवढेच, की त्याने स्वच्छता केली नाही. समुद्राची घाण समुद्रालाच निस्तरू दिली. मला हा माणूस फार आवडला. शिक्षक झाला असता तर उत्तम झाला असता.

परंतु त्याच्यानंतरची कित्येक वर्षे एक प्रवाळ मात्र कुणालाच दाद देईना, आणि तो हाच, गोनिओपोरा. दुकानात सर्वांत सुंदर दिसे, स्वस्त मिळे, म्हणून नवखा माणूस आधी त्याच्याकडेच वळे. घरी आणताच तो दुसऱ्या दिवशी फुले. महिनाभर फुले, सहा महिने फुले. मग कधीतरी लक्षात येई की देठ पूर्वीइतके लांब होत नाहीत. कडेची चार फुले उघडतच नाहीत. आणि वर्ष पुरे व्हायच्या आत हातात पांढरा दगड उरे. समुद्रातून असे किती गोळे निघाले आणि किती दिवाणखान्यांत मेले याचा हिशेब मी मांडू शकत नाही. पण गेली कित्येक वर्षे पुस्तके आणि जाणते लोक नवख्यांना कळवळून सांगत आले आहेत, की बाबांनो, याला आणू नका. आणि दुकानदार आणत आले आहेत, कारण तो दुकानात असतो तेव्हा फुललेलाच असतो.

तो का मरे? पुष्कळ कारणे सांगतात. तो मूळचा वाळूचिखलाच्या तळावरचा, गढूळ पाण्यातला. लोक त्याला हौसेने उंच खडकावर, झगझगीत दिव्याखाली बसवत. शैवालाच्या वाट्यावर त्याचे भागत नाही, त्याला बारीक, धुळीएवढे अन्न वरून लागते. आणि टाकी काचेसारखी लख्ख ठेवणाऱ्या माणसाच्या पाण्यात ते नसते. लोह आणि मँगनीज यांचा अंश घातल्यावर सुधारणा झाली, असा काहींचा अनुभव आहे. थोडक्यात सांगायचे तर तो उपाशी मरे. हळूहळू, फुललेल्या चेहऱ्याने.

भावाचा पहिला गोनिओपोरा असाच गेला. हे त्याने मला दोनतीन रात्री गप्पांत सांगितले नाही, वहीत सापडले. पहिल्या वहीत पान न् पान ‘छान’, ‘उत्तम फुलला’, ‘आज फारच सुंदर’ असे शेरे आहेत. आकडे क्वचितच. दहाव्या महिन्यात शेरे थांबतात, आणि पुढे दोन पाने कोरी आहेत. त्या कोऱ्या पानांची तारीख मी पाहिली. आषाढ. त्या आषाढात आमची आई गेली.

आई माझ्यापाशी मालवणात राहत असे. शेवटच्या वर्षभरात तिचे जेवण चिमणीएवढे झाले होते, अंगावरची चोळी सैल पडू लागली होती. मी भावाला कळवत होतो. पण दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायची वेळ झाली की आई इस्त्रीचे लुगडे नेसे, केस विंचरी, चष्मा पदराने पुसून खिडकीपाशी उजेडात खुर्ची ओढायला सांगे. पडद्यावर तो दिसला की तिचा चेहरा असा काही फुले, की माझ्या चिठ्ठ्यांतली आई आणि त्याच्या डोळ्यांसमोरची आई या दोन बायका आहेत असे कुणालाही वाटले असते. “मी बरी आसय,” ती म्हणे, “तू जेवलंस?” फोन संपला की ती भिंतीला टेकून डोळे मिटी, ती रात्रीपर्यंत. त्याच्याकडे तिकीट होते श्रावणाचे.

मी मुद्दाम विषय काढला नाही. एके रात्री भावजय वर भांडी आवरत होती आणि आम्ही दोघे टाकीसमोर स्टुलांवर बसलो होतो. तो पंप बंद करून प्रवाळाला भरवत होता. पाणी स्थिर करावे लागते, नाहीतर अन्न वाहून जाते. लांब नळीतून धुळीसारखा खुराक तो एकेका तोंडापाशी सोडी, आणि ती चोवीस बोटे एकदम आत वळत. पाऊण तास हे चालले होते. मध्येच तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, “दादा, हात लांब केलेले असतात ते सुखाने की भुकेने, ते नुसते बघून कळत नाय रे.”

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्याने पंप सुरू केले आणि फुले पुन्हा डोलू लागली.

हा दुसरा गोनिओपोरा समुद्रातून काढलेला नाही. दुसऱ्या एका शौकिनाच्या टाकीत वाढलेल्या गोळ्याचा तो तुकडा आहे. असे टाकीत जन्मलेले प्रवाळ जास्त चिवट निघतात म्हणे. आणला तेव्हा आवळ्याएवढा होता. आता त्याचा घेर तो दर महिन्याच्या एक तारखेला दोऱ्याने, काचेबाहेरून मोजतो. दुसऱ्या वहीत ‘छान’ हा शब्द कुठेही नाही. क्षारता, कॅल्शियम, किती फुले उघडली, किती नाही, देठांची लांबी किती, कडेचे मांस मागे सरले का, एवढेच. कविहृदयाच्या माणसाला ती वही रूक्ष वाटेल. मला ती त्याने आजवर लिहिलेली सर्वांत मायेची गोष्ट वाटली.

त्याने एकदा सहज विचारले, आपल्या मालवणच्या पाण्यातले एखादे प्रवाळ इथे जगेल का? मी सांगितले, जगेल न जगेल, तुला मिळायचे नाही, आणि मलाही घरी ठेवता यायचे नाही. २००१ पासून आपल्याकडे सगळे खडकाळ प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या पंक्तीला! ज्या धोंड्याने माझा पाय कापला त्याला आज वाघाचा मान आहे, हे ऐकून तो पोटभर हसला. मला मात्र हा कायदा आवडतो. आमच्या किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ आहे हेच कागदावर यायला १९७९ साल उजाडले. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा जागा नोंदवल्या, त्यांत रत्नागिरी आणि मालवण होते. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्राला अभयारण्य म्हटले गेले. तरी आज किल्ल्याच्या आसपास पाण्यात तोंड घालून प्रवाळ पाहायला येणारे हौशी पाहुणे दमले की त्याच प्रवाळावर उभे राहतात, आणि होड्यांचे नांगर त्यावरच पडतात. दोष कुणाला द्यायचा? पाहुण्याला तो दगडच वाटतो. आमच्या होडीवाल्या पोरांची पोटे त्या पाहुण्यांवर आहेत. मी दरवर्षी माघातल्या मोठ्या ओहोटीला वर्गातल्या मुलांना खडकांत नेतो, आणि एकेक वाटीएवढी वसाहत दाखवून सांगतो, “हात लावू नका, बोटे मोजा.” आमच्याकडच्या प्रवाळांची बोटे इतकी बारीक आणि दिवसा इतकी आखडलेली असतात की मोजता काही येत नाहीत. पण मोजायला वाकलेला मुलगा त्यावर पाय तरी देत नाही.

सुट्टी संपून मी परत आलो. भावाचा फोन पूर्वी सणासुदीला येई, आता दर रविवारी येतो. मी चांगला हसून “मी बरा आहे” म्हणालो तर त्याचे तेवढ्यावर भागत नाही. वजन किती, रक्तदाब किती, डॉक्टरांनी दिलेली दुसरी गोळी सुरू केली का? सुरुवातीला मला याचा राग येई. मी काय टाकी आहे? मग एके दिवशी शाळेतल्या हजेरीपटासारखा एक तक्ता आखून मी भिंतीला लावला.

स्टोक्सी जातीची एक खोड आहे. तिच्या अंगावरच लहान लहान गोळे वाढतात, त्यांना आपला वेगळा सांगाडा असतो, आणि पुरेसे मोठे झाले की ते आईपासून सुटून शेजारच्या वाळूत पडतात व तिथे आपला संसार मांडतात. शास्त्रज्ञांनी हे प्रथम हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटाच्या प्रवाळात पाहून १९६९ साली लिहिले. गेल्या महिन्यात भावाने मला छायाचित्र पाठवले. हिरव्या गुच्छाच्या उजव्या अंगाला, फुलांच्या दाटीत, करवंदाएवढा एक गोळा आला आहे आणि त्याला स्वतःची नऊ फुले आहेत. पाचसहा आठवड्यांत सुटेल असा त्याचा अंदाज आहे. तो सुटला की गावातल्या कुणाला द्यायचा याची चर्चा त्यांच्या घरात आतापासून चालू आहे. धाकटीचे म्हणणे, कुणालाच द्यायचा नाही.

छायाचित्राखाली त्याने एक ओळ लिहिली होती. “दादा, परवाच्या तक्त्यात साखर १४८ लिहिलीस, ती जेवणाआधीची की नंतरची?”